विन्चेन्त्सो: हे इटालियन नाव कसं म्हणायचं, कसं लिहायचं आणि ते आलं कुठनं

व्ही, आय, एन, सी, ई, एन, झेड, ओ. असं स्पेलिंग समोर आलं की आपल्या बेळगावात बहुतेक जण बिनधास्त 'व्हिन्सेन्झो' म्हणून मोकळे होतात, पेपरात पण तसंच छापून येतं, आणि उद्यमबागेत एखाद्या कारखान्यात इटलीची मशीन बसवायला त्या नावाचा इंजिनिअर आला तर अख्खं शॉप फ्लोअर त्याला तसंच हाक मारतं. माणूस चांगला असला तर ओ देतो, काही बोलत नाही, पण त्याच्या आईनं त्याला असं कधी बोलावलेलं नसतं. बरोबर उच्चार आहे विन्चेन्त्सो. आणि मला हे मुद्दाम सांगायचंय कारण हा उच्चार करायला आपल्याला नवीन काहीच शिकावं लागत नाही. जे आवाज लागतात त्यातले काही आपल्याला मराठीनं दिलेत आणि काही कन्नडनं, म्हणजे सीमाभागात वाढलेल्या माणसाला तर हे नाव पुण्या-मुंबईवाल्यापेक्षा सोपं जायला पाहिजे. अडचण एवढीच की आपण नाव इंग्रजीतनं वाचतो.

आधी गाभ्याची गोष्ट घेऊ, म्हणजे च.

मराठीत च दोन आहेत हे शाळेत कुणी नीट सांगत नाही, पण बोलताना कुणीच चुकत नाही. चार, चंद्र, चेंडू ह्यातला च वेगळा, जीभ टाळूला पसरून लागते. चोर, चूल, चटणी, चाक ह्यातला वेगळा, जीभ दाताच्या मागं लागते आणि त आणि स एकदम एकत्र निघाल्यासारखा आवाज येतो. आता 'चिंच' म्हणा. एकाच शब्दात दोन्ही आले, पहिला चेंडूतला आणि शेवटचा चोरातला. आणि आता 'चिंचेचा कोळ' म्हणा, सावकाश, जिभेकडं लक्ष देऊन. चिं, चे, चा. पहिले दोन चेंडूतले, तिसरा चोरातला, आणि 'चे' वरनं 'चा' वर जाताना जीभ आपोआप टाळूवरनं दाताकडं सरकते, बघा की करून. ही जी सरक आहे ना, तेवढीच विन्चेन्त्सो मध्ये लागते. चे झाला की लगेच चो, पण चोरातला चो. गोव्याच्या माणसाला तर अजून सोपं, 'गोंयचो' म्हणतात त्यातला शेवटचा चो जसाच्या तसा उचलायचा. खानापूर, लोंढा, जांबोटी भागात ज्यांच्या कानावर कोंकणी रोज पडते त्यांना मी काय सांगतोय हे लगेच कळंल.

आता सगळं नाव जोडू. 'विन्' हा विनोद म्हणताना जसा सुरू होतो तसा. इथं व्ह लावू नका, व्ह मध्ये आपण जो श्वास सोडतो तो इटालियनमध्ये नसतो, फक्त वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवायचे आणि व म्हणायचा. नंतर 'चेन्'. हा आपल्याला कुठं मिळतो? चेन्नम्मा सर्कलला. मराठीत आपण चन्नम्मा म्हणतो, पण कन्नड माणूस चेन्नम्मा म्हणताना पहिलं जे 'चेन्' काढतो, आखूड ए, लगेच न वर बंद, तेच हे. किंवा 'चेन्नागिदीरा', म्हणजे बरे आहात का, असं विचारतात त्यातलं चेन्. इटालियनमध्ये हा ए आपल्या मराठी ए पेक्षा थोडा तोंड उघडून म्हणतात, पण कन्नड आखूड ए पासनं सुरुवात केलीत तर नव्वद टक्के काम झालं असं समजा. शेवटी चोरातला 'चो', आणि हा ओ पण आखूड. कन्नडात 'ओंदु' म्हणजे एक, आणि 'ओदु' म्हणजे वाच, ह्यातल्या ओंदु मधला आखूड ओ घ्यायचा, ओदु मधला लांब नको. मराठीत ए आणि ओ ला ऱ्हस्व दीर्घ नाही म्हणून पुण्याचा माणूस शेवटी 'त्सोऽ' असं ओढतो. आपल्याकडं कन्नड शाळेत किंवा बाजारात का होईना कानावर पडलेलं असतं, ते इथं वापरायचं.

एक खबरदारी. 'विंचू' च्या जवळ जाऊ नका. लोकांना वाटतं विंचू आणि विन्चेन्त्सो सारखंच सुरू होतं, पण विंचूतला च चोरातला आहे, त्याच्यावरनं नाव म्हणाय गेलात तर 'विन्त्सेन्त्सो' होतं, दोन्ही च एकच होऊन जातात आणि नावाची मजा जाते.

मग जोर कुठं द्यायचा ते. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो, इटालियनमध्ये तसं चालत नाही, एका अक्षरावर आवाज चढतो आणि बाकीची हलकी होतात. इथं जोर 'चेन्' वर. विन्-चेन्-त्सो, मधलं ठणठणीत, पहिलं आणि शेवटचं हलकं. पहिल्या 'विन्' वर जोर दिला तर ते इंग्रजी व्हिन्सेंटसारखं वाजायला लागतं. सरावासाठी आधी नुसतं 'चेन्त्सो' म्हणा चार-पाच वेळा, मग समोर 'विन्' चिकटवा, पहिल्यापासनं सुरू करण्यापेक्षा असं मागनं जोडत आलेलं बरं पडतं.

आता झेड चं प्रकरण. आपण झेड बघितला की झ लिहितो, झूम, झेरॉक्स, झिरो. इटालियनमध्ये झेड चा आवाज इंग्रजी झेडसारखा नसतोच, तो एकतर त्स असतो नाहीतर द्झ. पित्सा आठवा, दुकानावरच्या पाटीवर आपण पिझ्झा लिहितो पण बोलताना पुष्कळ जण पित्झा म्हणतात, तिथं तोंडाला खरा आवाज सापडलेला असतो, फक्त लिहिताना गडबड होते. विन्चेन्त्सो मध्ये शुद्ध इटालियनमध्ये त्स. पण रोमकडचा किंवा नेपल्सकडचा माणूस असंल तर तुम्हाला शेवटी 'द्झो' सारखं, म्हणजे आपल्या 'जोर' शब्दातल्या जो सारखं ऐकू येईल. चकित होऊ नका आणि त्याला दुरुस्त कराय तर अजिबात जाऊ नका, न च्या नंतर हा आवाज घोगरा करायची तिकडं मध्य आणि दक्षिण इटलीत सवयच आहे. तुम्ही मात्र त्सो म्हणा, ते सगळीकडं चालतं.

आणि सी चा च का झाला? ह्याचं उत्तर मला फार आवडतं कारण त्यात आपली मराठी दिसते. इटालियनमध्ये सी पुढं ए किंवा इ आला की च, आणि आ, ओ, उ आला की क. स्वर बघून व्यंजन बदलतं. आणि मराठीत काय होतं? त्याचा, त्याची, त्याचे. आ आला की चोरातला च, इ किंवा ए आला की चेंडूतला. ए आणि इ म्हणताना जीभ तोंडात पुढं आणि वर येते, ती आजूबाजूच्या व्यंजनाला पण आपल्याबरोबर टाळूकडं ओढून नेते, इटलीत पण तेच झालं आणि आपल्याकडं पण तेच, कुणी कुणाकडनं घेतलं नाही, दोन्हीकडच्या जिभा सारख्याच. जुन्या रोमन काळात सी चा आवाज कायम क होता. सीझरला रोमन लोक 'कायसार' म्हणायचे, आज इटलीत तेच नाव 'चेझारे' झालंय. तसंच विन्चेन्त्सो चं मूळ लॅटिन नाव, ते रोमन माणसाच्या तोंडात 'विंकेन्तिउस' असं होतं, व पण आपल्या मऊ व सारखा. पुढं शतकानुशतकं बोलता बोलता 'के' चा 'चे' झाला आणि शेवटचं 'तिउस' दाबून दाबून 'त्सो' झालं.

अर्थ सरळ आहे. लॅटिनमध्ये 'विंकेरे' म्हणजे जिंकणं, 'विंकेन्स' म्हणजे जिंकणारा, त्यावरनं विंकेन्तिउस. व्हिक्टर आणि इटालियन वित्तोरियो ही नावं पण त्याच धातूवरची. आपल्याकडं विजय, जयंत ठेवतात त्याच जातीचं नाव.

हे नाव एवढं पसरलं कसं, तर एका संतामुळं. स्पेनमधल्या सारागोसाचा एक तरुण डीकन, म्हणजे पाद्रीच्या खालच्या पदावरचा धर्मसेवक, विंकेन्तिउस, सम्राट डायोक्लेशियनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ चालला होता तेव्हा इ.स. 304 मध्ये व्हॅलेन्सियाला मारला गेला. 22 जानेवारी हा त्याचा सण. पोर्तुगालची राजधानी लिस्बन त्यालाच आपला रक्षक संत मानते, म्हणून पोर्तुगीजांमध्ये 'विसेन्त' नाव घरोघरी, आणि पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा नाव पण आलं. आपल्या कॅम्पात जे व्हिन्सेंट अंकल आहेत आणि घाट उतरून गेल्यावर गोव्यात जे विसेन्त भेटतात, ती आणि इटलीतला विन्चेन्त्सो ही एकाच नावाची माणसं. व्हिन्सेंट हे रूप इंग्रजीवाल्यांचं, विसेन्त पोर्तुगीजांचं, आणि दोघांनीही त्या जुन्या क चा स केला, इटलीनं च केला. म्हणून कॅम्पातल्या अंकलना विन्चेन्त्सो म्हणायचं नाही आणि इटलीच्या माणसाला व्हिन्सेंट म्हणायचं नाही, ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या घरच्या उच्चारानं. पुढं 1581 ते 1660 मध्ये फ्रान्समध्ये गरिबांसाठी काम केलेला व्हिन्सेंट डी पॉल झाला, त्यामुळं पण हे नाव जगभर गेलं.

इटलीत हे नाव दक्षिणेत जास्त ऐकू येतं, नेपल्स, सिसिली भागात. आणि तिथं नाव ठेवायची पद्धत अगदी आपल्यासारखी, पहिल्या मुलाला आज्जाचं, म्हणजे वडिलांच्या वडिलांचं नाव. संगीतकार विन्चेन्त्सो बेल्लिनी 1801 मध्ये सिसिलीतल्या कातानियाला जन्मला, त्याचा आज्जा पण विन्चेन्त्सो, विन्चेन्त्सो तोबिया बेल्लिनी, तो पण संगीतकार. वर उत्तरेत तोस्कानात पण तेच. गॅलिलिओच्या वडिलांचं नाव विन्चेन्त्सो गालिलेई, आणि गॅलिलिओनं 1606 मध्ये मुलगा झाल्यावर त्याचं नाव विन्चेन्त्सो ठेवलं. हे वडील विन्चेन्त्सो म्हणजे साधा माणूस नव्हे, ल्यूट नावाचं तारवाद्य वाजवायचे आणि तारांवर प्रयोग करायचे. तार तीच, लांबी तीच, आणि नुसता ताण वाढवून स्वर बरोबर एक सप्तक वर न्यायचा तर ताण दुप्पट नाही, चौपट करावा लागतो हे त्यांनी वजनं टांगून दाखवलं, तोपर्यंत पुस्तकं वेगळंच सांगत होती. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीत जन्मले, तानपुऱ्याचे कान पिळणारी माणसं आपल्या भागात कमी नाहीत, त्यांनी हे नाव तरी नीट घ्यायलाच पाहिजे असं मला वाटतं.

अजून दोन नावं सरावाला घ्या. विन्चेन्त्सो नीबाली, मेस्सीनाचा सायकलपटू, 2014 ची टूर द फ्रान्स जिंकला. आणि विन्चेन्त्सो पेरुज्जा, ज्यानं 1911 मध्ये लुव्र संग्रहालयातनं मोनालिसाचं चित्र उचललं आणि 1913 मध्ये फ्लोरेन्सला पकडला गेला. हा दुसरा लक्षात ठेवा, कारण तो चोर होता, आणि नावात शेवटी चोरातलाच चो आहे, एकदा डोक्यात बसलं की झ परत येत नाही.

घरात आणि मित्रांत कुणी पूर्ण नाव घेत नाही. 'एन्त्सो' हे सगळ्यात चालतं रूप, जोर ज्या अक्षरावर होता तिथनं पुढचं ठेवलं आणि आधीचं टाकलं. पण प्रत्येक एन्त्सो हा विन्चेन्त्सो असतोच असं धरून चालू नका, लोरेन्त्सोचा पण एन्त्सो होतो, आणि एन्त्सो हे सुटं नाव पण आहे, जर्मन हाइन्त्सशी त्याचं नातं जोडतात. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा मुलगा राजा एन्त्सो 1249 मध्ये बोलोन्याच्या लोकांच्या हाती लागला आणि 1272 ला मरेपर्यंत तिथंच कैदेत राहिला, त्याच्या नावाचा वाडा अजून बोलोन्यात उभा आहे. फेरारीवाले एन्त्सो, त्यांचं पण नाव मुळातच एन्त्सो. आपल्या फुटबॉलवाल्या पोरांना अर्जेंटिनाचा एन्झो फर्नांडिस माहीत असतो, पण तो स्पॅनिश बोलणारा, तिकडं झेड चा सरळ स होतो, म्हणजे त्याला 'एन्सो' म्हणायचं. स्पेलिंग एक, माणूस कुठला ते बघून उच्चार.

दक्षिण इटलीत हाक मारताना अजून एक करतात, जोराच्या अक्षरापर्यंत येऊन तिथंच थांबतात. 'विन्चे!' बास. पुढचं गिळून टाकतात. तुम्ही लगेच असं बोलावू नका, त्यानं स्वतः सांगितलं किंवा चांगली दोस्ती झाली तरच. पहिल्या ओळखीत 'सिन्योर', म्हणजे आपलं श्री., आणि पुढं आडनाव हे चांगलं, इंजिनिअर असंल तर 'इंजेन्येरे' म्हटलेलं तिकडं मानाचं असतं. मेल लिहिताना पण सुरुवातीला 'जेन्तीले सिन्योर' आणि आडनाव, ओळख वाढली की 'कारो विन्चेन्त्सो', म्हणजे प्रिय विन्चेन्त्सो. बाई असंल तर नाव विन्चेन्त्सा, आणि तिला लिहिताना 'कारा'.

विचेन्त्सा नावाचं एक शहर पण आहे बघा उत्तर इटलीत, त्यात पहिला न नाही. माणसाच्या नावाशी त्या शहराचा काही संबंध नाही, रोमन काळात गावाचं नाव विकेतिया होतं. पत्ता लिहिताना तेवढा एक न सांभाळा.

मराठीत लिहायचं कसं? माझं मत स्पष्ट आहे, 'विन्चेन्त्सो' लिहा. 'विन्चेन्चो' लिहिलं तर आपला माणूस बरोबर वाचू शकतो, पण वाचेलच ह्याची खात्री नाही, कारण आपल्या लिपीत दोन्ही च ला एकच अक्षर. काही जण च खाली नुक्ता देतात, मोबाइलच्या कीबोर्डवर तो शोधत बसावा लागतो आणि वाचणाऱ्याला पण कळत नाही. त ला स जोडला की प्रश्न मिटतो. कन्नडात लिहायचं असंल, म्हणजे समजा कारखान्यात दोन भाषांत नावाची पाटी करायची असंल, तर त खाली स चा ओत्तक्षर, म्हणजे खाली जोडायचं अक्षर, द्या, नुसता च दिला तर कन्नडात तो फक्त चेंडूतलाच होतो. आणि कन्नडात आखूड ए, आखूड ओ ची खूण नीट द्या, ती सोय तिथं आहे तर वापरायची. मराठीत प्रत्यय लावताना नाव मोडू नका, विन्चेन्त्सोला, विन्चेन्त्सोचा, विन्चेन्त्सोनं असं सरळ.

ऐकून खात्री करायची असंल तर फोनवरच्या ट्रान्सलेट अॅपमध्ये आधी भाषा इटालियन निवडा आणि मग स्पीकरचं बटण दाबा. भाषा इंग्रजी ठेवून ऐकलं तर मशीन पण इंग्रजी वळणानं म्हणू शकतं आणि चूक अजून पक्की होते.

एवढं एक नाव जमलं की पुष्कळ नावं फुकटात येतात. लोरेन्त्सो, तो लॅटिन लाउरेन्तिउस वरनं, तसाच शेवट. इन्नोचेन्त्सो, ह्यात पण दोन्ही च. क्रेशेन्त्सो, इथं एस-सी पुढं ए आला म्हणून श. फ्रान्चेस्को, मार्चेल्लो, लुचानो. फक्त सी च्या पुढं एच दिसला की सावध व्हा, तिकडं सी-एच म्हणजे क. म्हणून एम-आय-सी-एच-ई-एल-ई हे मिकेले, मिशेल नाही.

आपल्या भागातल्या माणसांचा इटलीशी संबंध फक्त मशीनपुरता नाही हे पण सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात, आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्या पलटणी इटलीत लढल्या. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नामदेव जाधव ह्यांना 9 एप्रिल 1945 च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी मिळाला. घाडग्यांचं स्मारक 2023 मध्ये उंब्रियातल्या मोन्तोने गावात झालं. ज्यांच्या घरातला आज्जा तिकडं लढला ती माणसं कधी ते बघाय गेली, तर तिथं वाट दाखवणारा एखादा विन्चेन्त्सो असू शकतो, त्याला त्याच्या नावानं हाक मारता आली तर किती बरं वाटंल त्याला.

आता उलट बाजू, कारण तो पण तुमचं नाव वाचणार आहे. इटालियन माणूस आपल्या नियमानं वाचाय लागला तर चेतनचा 'केतान' होतो आणि सचिनचा 'साकिन', कारण सी-एच म्हणजे क. एच एकटा असंल तर तो म्हणतच नाहीत, महेशचा 'माएश' किंवा 'माएस' होईल. जे चा ते य करतात, ज्योतीची 'योती', जयंतचा 'यायान्त'. वाईट वाटून घेऊ नका, पहिल्याच कॉलला आपलं नाव दोनदा सावकाश म्हणून दाखवा, आणि चेतन असाल तर चॅटमध्ये सी, ई, टी, ए, एन असं एच काढून टाइप करा, तो लगेच बरोबर वाचंल. सचिननं एस, ए, सी, आय, एन. ज्योतीनं सुरुवातीच्या जे-वाय-ओ ऐवजी जी-आय-ओ लिहावं, जयंतनं जे-ए ऐवजी जी-आय-ए.